शेवटची सोळा पानं

"हंऽ... मंग?"

सखूमावशीचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. माझी आजी दळता दळता गोष्ट सांगायची आणि जात्याच्या पलीकडं बसलेली सखूमावशी वाक्यावाक्यामागं हुंकार द्यायची. लांबट, खालून वर येणारा. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा. आमच्याकडं गोष्ट नुसती सांगत नाहीत, तिला हुंकार देणारं माणूस लागतं. हुंकार आला की सांगणाऱ्याला पुढचं पाऊल टाकता येतं. नाही आला तर गोष्ट तिथंच उभी राहते.

तोच आवाज मी पुढंही ऐकला.

ती गेल्यावर... चार वर्षं.

हे खरं आहे. पटवून देण्याची ताकद मात्र आता माझ्यात उरलेली नाही. पस्तीस वर्षं पोरांना शिकवून मी थकले आहे, आणि त्याहून जास्त ही गोष्ट उरात घेऊन थकले आहे. ज्याला भास म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं. साल १९८८. आदिलाबाद जिल्हा, तेव्हा आंध्र प्रदेशात. वांकिडीपासून दीड कोसावर आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमचा बौद्ध मोहल्ला आणि मोहल्ल्यात पत्र्याच्या ओसरीचं छोटं विहार.

वेळ दिवस मावळायची. भुतांच्या गोष्टीत असते तसली मध्यरात्र या गोष्टीत नाही. जे झालं ते उजेडात झालं.

माझं नाव कुसुम. मोहल्ल्यात शिकून मास्तरीण झालेली मी पहिली बाई. त्यामुळं वर्षावासाचे तीन महिने विहारात धम्मग्रंथ वाचायचं काम माझ्याकडं आपोआप आलं. बाया रानातून येत, हातपाय धुऊन ओसरीवर बसत, आणि अंधार पडेपर्यंत मी वाचत असे. सखूमावशी उजवीकडच्या खांबाला टेकून बसायची. हुंकार तिचाच. दुसऱ्या कुणी दिला तर ताराबाई त्या बाईला टोमणा मारायची, की तुझा हुंकार म्हणजे म्हशीचं रेकणं, राहू दे.

त्या साली आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, ग्रंथ कपड्यात बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाया पुन्हा येऊन बसल्या. कापूस वेचायला सुरुवात झाली होती. मांडीवर घरचा थोडा कापूस, त्यातला काडीकचरा काढत काढत ऐकायची त्यांना सवय झाली होती.

"वाचन बंद काऊन केलं, मास्तरीन?" सखूमावशीनं विचारलं.

मी म्हटलं, ग्रंथ संपला.

"मंग दुसरं वाच. कान रिकामे राह्यले का दिवसभराचं दुखणं जाणवते."

म्हणून मी आसिफाबादच्या वाचनालयातून कादंबरी आणली. तिथं तेलुगूची पाच कपाटं होती आणि मराठीचं एक. ते एक कपाट शामराव नावाचे वयस्कर ग्रंथपाल लेकरासारखं जपत. त्यांनीच ती हातात दिली. मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचं पान गेलेलं, बाहेरून खाकी कागद. भविष्यातलं आहे, वाचायला घेतलं की सोडवत नाही, असं ते म्हणाले होते.

गोष्ट अशी होती. सूर्य इतका तापतो की माणसं जमिनीखाली सात थरांचं शहर बांधून राहू लागतात. वरच्या थरात हुकूम सोडणारे, खालच्या थरांत राबणारे. सातव्या थरात ज्याला पाठवलं तो कधी परत येत नाही.

बायांनी ही गोष्ट जशी ऐकली तशी कुणी ऐकली नसेल. ताराबाईला पहिल्या दिवसापासून एकच घोर लागला होता, की जमिनीखाली चुली पेटवल्या तर धूर कुठून जातो. भागीरथा नावाची म्हातारी म्हणायची, एवढा अन्याय चालला तर तहसीलात अर्जी काऊन नाही देल्ली? बोअर खालून वर मारत असतील का वरून खाली, यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. त्या दिवशी माझी तीनच पानं वाचून झाली.

मला हसू यायचं. मग एक दिवस आलं नाही.

सखूमावशीनं विचारलं होतं, "ते शहर मंचेरियलच्या कोन्त्या अंगाले हाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. विहाराच्या ओसरीवर आजवर फक्त धम्मग्रंथ वाचला गेला होता. त्या ओसरीवर जे वाचलं जातं ते घडलेलं असतं, अशी त्यांची समजूत. मी ती कादंबरी तिथं बसून वाचत होते, म्हणून त्या सगळ्या ती खरी धरून चालल्या होत्या.

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मावशी, हे लिहिणाऱ्यानं मनानं रचलेलं आहे.

तिनं कापसातली काडी काढली, बाजूला ठेवली.

"विहारात बसून खोटं वाचतं का तू?"

मी पान उलटलं. तिचा प्रश्न मंचेरियलचा का होता, ते मला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक लेक, खुशाल, उन्हाळ्यात तिकडं गेला होता. कोळशाच्या गाड्या भरायच्या कामाला, ठेकेदाराकडं. खाली, काळोखात, असं तिला वाटायचं. तो वरच काम करतो, हे मी तिला दहादा सांगितलं असेन.

खुशालची पत्रं माझ्या शाळेच्या पत्त्यावर यायची. मी घरी आणायची, सखूमावशीला वाचून दाखवायची. ती एकच पत्र दोनदा ऐकायची. दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटून.

कार्तिकात एक पत्र आलं. अक्षर खुशालचं नव्हतं. त्याच्यासोबत खोलीत राहणाऱ्यानं लिहिलं होतं, की खुशाल काविळीनं गेला. वाट पाहणं शक्य नव्हतं म्हणून आम्हीच माती दिली. कपडे आणि पेटी कुणी आलं तर देऊ.

मी ते पत्र घेऊन सखूमावशीच्या थोरल्या दिराकडं, देवाजीकडं गेले. देवाजी मोहल्ल्यातला जाणता माणूस. तो पाराच्या दगडावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग म्हणाला की माती झालीच आहे, आता घाई करून पोरगा थोडाच दिसतो. सखूच्या छातीत कळ येते. कापूस निघू दे, मग सांगू.

मी मान डोलावली.

कापूस निघायला अजून दोन महिने होते. तोवर पत्र आलं नाही तर ती विचारणार. म्हणून मी एक पत्र लिहिलं. खुशालच्या नावानं. मग आणखी एक. त्याच्या बोलण्याची ढब मला माहीत होती, ती पकडायला वेळ लागला नाही. निळी शाई संपली होती म्हणून शाळेतली काळी शाई वापरली.

पंधरा दिवसांनी पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली सखूमावशी गात होती. मी बांधावरून शाळेत चालले होते.

माह्या लेकाचं गं पत्तर, त्याले काळी काळी शाई
वाचे मास्तरीन बाई, वास लेकाचा येत नाही

बाया हसल्या. ताराबाई म्हणाली, कोळशात राह्यतो त्याले कशाचा वास येईल. मीही हसले. शाळेत गेले आणि पहिल्या तासाला फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

त्याच संध्याकाळी कादंबरीचं एकशे बारावं पान आलं.

मी पुढचं वाचलेलं नव्हतं. रोज जेवढं वाचायचं तेवढं त्यांच्यासोबतच मलाही कळायचं. ओसरीत थंडी उतरली होती. सूर्य झाडीमागं गेला होता. मी वाचत गेले...

सातव्या थरात गेलेल्यांच्या घरी दर महिन्याला पत्र येतं. मी बरा आहे, काळजी करू नका. ही पत्रं ते लिहीत नाहीत. दुसऱ्या थरातल्या दफ्तरात ओळीनं मुली बसलेल्या असतात, त्या लिहितात. ज्यांच्या नावानं लिहितात ती माणसं केव्हाच मेलेली असतात.

मी थांबले.

ओसरीवर कुणाचा हात हलत नव्हता.

"हंऽ..." खांबापासून आलं. "मंग?"

मी वाचलं. दुसरं काय करणार होते? त्या मुलींमधल्या एकीला एका आईचं घर ठाऊक असतं. ती रोज त्या घरावरून जाते. आईला सांगितलं तर त्या मुलीलाच सातव्या थरात धाडतील. सांगेल की नाही, इथून पुढं सगळं पुस्तक एवढ्यावरच टांगलेलं होतं.

ताराबाईनं त्या मुलीला शिव्या घातल्या. भागीरथा म्हणाली, पोटासाठी करून राह्यली बिचारी. दोघी भांडल्या. निघताना सखूमावशी माझ्याजवळ आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळू विचारलं.

"सांगते का थे पोरगी, मायले?"

मी म्हटलं, पुढं वाचल्यावर कळेल.

"तू वाचून पाह्य आधी. मंग मले सांग."

त्या दिवशी घरी जाऊन मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या सोळा पानांत ती मुलगी त्या आईच्या दारात जाऊन उभी राहते. उंबऱ्याबाहेर. आणि सांगते. सगळं सांगते, नाव घेऊन, दिवस घेऊन. आई ऐकत राहते.

ही पानं मी सखूमावशीसमोर वाचू शकणार नव्हते. एक ओळसुद्धा.

मी ती फाडली.

शिवण सैल होती, आवाज झाला नाही. घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली. चार-पाच दिवसांनी उरलेलं वाचत आम्ही तिथवर आलो. मी पुस्तक बायांसमोर उघडून धरलं, म्हटलं, शेवट कुणीतरी फाडून नेला आहे. ताराबाईनं वाचनालयाच्या नावानं बोटं मोडली. एवढे दिवस कान दिले, ते फुकट गेले म्हणाली.

सखूमावशी माझ्याकडं बघत होती.

"तुले काय वाटते? सांगतलं असंल का तिनं?"

"काय माहीत, मावशी."

"हंऽ," ती म्हणाली.

त्यापुढं "मंग" आलं नाही.

कापूस निघाला. देवाजी म्हणाला, तिळाचा सण होऊ दे. तो झाला. मग म्हणाला, गावात दोन लग्नं आहेत, आनंदात विष नको. मीही त्याला विचारायचं सोडून दिलं. महिन्याला एक पत्र लिहायचं आणि वाचून दाखवायचं, एवढं मी करत राहिले. सखूमावशी आता पत्र दोनदा ऐकत नव्हती. एकदाच ऐकायची आणि कागद घडी करून ओच्यात घालायची.

माघात, भर दुपारी, ती अंगणात बाजेवर पडली आणि उठली नाही. ताराबाई ताक द्यायला गेली तेव्हा कळलं. आम्ही पाणी दिलं, त्रिसरण म्हटलं. तिच्या ओच्यातून चार पत्रं निघाली. देवाजीनं ती माझ्या हातात दिली. त्याला डोळे वर करता येत नव्हते, मलाही.

देवाजी हलक्या आवाजात म्हणाला, बरं झालं, न समजता गेली.

कादंबरी मी वाचनालयात परत केली. वाटलं, संपलं.

आषाढी पौर्णिमेला पुन्हा वर्षावास बसला. मी ग्रंथ उघडला. आकाश भरून आलं होतं पण पाऊस नव्हता. पत्र्यावर पानसुद्धा वाजत नव्हतं. पहिला परिच्छेद वाचला, श्वास घ्यायला थांबले...

"हंऽ..."

उजवीकडच्या खांबापासून.

मी वर पाहिलं. खांबाजवळ कुणी नव्हतं. आपोआपच कुणी बसलं नव्हतं तिथं.

ताराबाईचा हात मांडीवर तसाच थांबला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. भागीरथेनं पदर तोंडावर घेतला.

मी वाचू लागले. न थांबता. एका दमात, स्वल्पविराम गिळत. पण माणसाचा श्वास केवढा असतो... पानाच्या शेवटी दम संपला, थांबावंच लागलं.

"हंऽ... मंग?"

त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. त्या सालीही नाही आणि पुढच्या सालीही नाही. फक्त खांबाजवळ हातभर जागा सुटलेली असायची. लहान पोर तिकडं रांगत गेलं तर आई त्याला पाय धरून मागं ओढायची.

विहारात येत होतं ते शाळेतही येऊ लागलं. भर बारा वाजता, चौथीच्या वर्गात, मी धडा वाचत होते. पूर्णविरामाला थांबले आणि मागच्या भिंतीपासून हुंकार आला. पोरं खाली मान घालून लिहीत होती. मी पुस्तक एका मुलीच्या हातात दिलं, तू वाच म्हटलं. ती वाचत राहिली. काही नाही. पुन्हा मी घेतलं... आलं.

म्हणजे ते माझ्यासाठीच होतं.

मी मोठ्यानं वाचणं सोडलं. पोरांकडून वाचून घ्यायची. वर्षावासाचं वाचन दुसऱ्या मुलीकडं दिलं, घसा बसतो असं कारण सांगितलं. मग बदलीचा अर्ज केला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तलमडुगूला गेले. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. दोन महिने काही झालं नाही. मी जेवू लागले, झोपू लागले.

एका रविवारी सकाळी एक अनोळखी बाई आली. तिच्या लेकीचं पत्र आलं होतं, वाचून द्या म्हणाली. मी नको म्हणत होते. पण तिचा चेहरा बघितला आणि पत्र घेतलं. दारातच उभी राहून वाचू लागले.

प्रत्येक वाक्यामागं हुंकार येत होता. मी मान वर केली नाही. वाटलं, हीच देते आहे.

वाचून झाल्यावर विचारलं, "तुम्ही हं म्हणत होतात ना?"

"मी नाही बाई," ती म्हणाली. "तुमच्या मागं बसल्या ना, त्या म्हणत होत्या."

माझ्या मागं खोली होती. खोलीत एक खाट, एक पेटी.

मी वळून पाहिलं नाही. ती बाई जाईपर्यंत दारात तशीच उभी राहिले, आणि नंतरही.

१९९३ च्या उन्हाळ्यात मी गावी आले होते. देवाजी त्याच्या आदल्या वर्षी वारला होता. आसिफाबादला काही कामासाठी गेले आणि पाय वाचनालयाकडं वळले. शामराव अजून होते. डोळ्यांना जाड भिंगं लागली होती. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले की तुम्ही नेलेल्या त्या भविष्याच्या कादंबरीचं काही कळत नाही. लोक हौसेनं नेतात आणि दोन दिवसांत परत आणतात. शेवट नाही म्हणून असेल, पण तेवढंच नाही.

त्यांनी पुस्तक आणलं. मागच्या कोऱ्या पानावर वाचकांनी अभिप्राय लिहिलेले होते. आपल्याकडच्या वाचनालयांत लिहितातच.

पहिला जुना, निळ्या शाईत. कादंबरी उत्कंठावर्धक आहे, एका बैठकीत संपविली. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, की असे भविष्य येणार नाही, आपले लोक जमिनीखाली राहायचे नाहीत. मग पेन्सिलीत, रागानं दाबून: शेवटची पाने फाडणाऱ्याचे भले होणार नाही.

त्याच्याखाली बारीक अक्षरात: वाचताना घरात कोणीतरी हुंकार देत होते. पत्नी माहेरी आहे. बहुधा भास.

त्याखाली बाईचं अक्षर. मलाही ऐकू आला. पान ११२ पासून. भीती वाटली नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं, जणू कुणी फार दिवस बसून आहे.

आणि सगळ्यात शेवटी एकच ओळ. कुणाचं अक्षर, शामरावांनाही सांगता आलं नाही.

ती पुढचं विचारते.

माझ्या हातातला चहा गार झाला. शामराव विचारत होते, तुम्हाला शेवट ठाऊक आहे का, तुमच्यापाशी असताना पानं होती का. मी नाही म्हटलं. म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले, तेही सवयीनं.

गावी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. घडी केलेली सोळा पानं मी तलमडुगूहून पेटीत घालून आणली होती. का आणली होती, सांगता येत नाही. ती घेऊन विहारात गेले. ओसरीवर ताराबाई एकटीच बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत. तिनं पानं पाहिली. मला पाहिलं.

"कोठी सापडली?" तिनं विचारलं.

"माह्यापाशीच होती."

तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. मी खांबासमोर बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. जिथं तोडलं होतं तिथून, चार वर्षांनी.

"हंऽ..."

पहिल्या ओळीलाच. जवळून. इतक्या जवळून की पानाची कड हलली असं मला वाटलं. मी वाचत गेले. ती मुलगी रस्ता ओलांडते, हंऽ... दारापाशी येते, हंऽ... उंबऱ्याबाहेर उभी राहते. ताराबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. मुलीनं तोंड उघडलं, तिथं मी थांबले.

"मंग?"

मी पानं मिटली. पुस्तकातल्या मुलीचं ऐकण्यासाठी सखूमावशी एवढी बसली नव्हती.

पुढं काय झालं ते आधी सांगते, कारण शेवटी सांगायचं ते वेगळं आहे. मी बोलले आणि हुंकार आला नाही. खूप वेळ वाट पाहिली. ओसरीत अंधार झाला. ताराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. मरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तो हुंकार त्यानंतर मला कधीच ऐकू आला नाही. शाळेत नाही, घरी नाही. लोक म्हणतील, सुटली बिचारी. मला तसं वाटत नाही. गोष्ट संपली म्हणून हुंकार थांबतो, तसा ऐकणारं माणूस उठून गेलं तरीही थांबतो. यातलं काय झालं, मला आजही कळलेलं नाही. एकटी असताना मी कधीतरी दोन ओळी मोठ्यानं वाचते. थांबते. कान देते...

काही नाही.

इथवर मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं देवाजीलाही ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं, ते मी त्या संध्याकाळी खांबाकडं बघून बोलले.

"मावशी, खुशाल गेला म्हणून पत्र आलं, त्याच्या आधी अजून एक आलं होतं. नऊ दिवस आधी. तवा तो जिता होता. सोबतच्यानं लिवलं होतं, कावीळ झाली, सारखा माय माय करून राह्यला, मायले लवकर घेऊन या. तुले रेल्वेतलं काई समजत नोतं, तुह्यासंगं मलेच या लागलं असतं. दुसऱ्या दिशी शाळेची तपासणी होती. मी लय थकली होती, मावशी. वाटलं, ताप हाय, उतरंल, आयतवारी जाऊ. तू पुढ्यात बसली होती, वाच म्हनत होती. तुहा लेक तुले बलावून राह्यला होता. अन् मी कागदाकडं पाह्यत वाचलं, माय, मी बरा हाय, तू येऊ नोको."